पंचगंगेच्या पूरमैदानाचे प्रारूप कसे मांडावे
पंचगंगा पात्रात असते तोवर एकमितीय प्रारूप, म्हणजे प्रवाह फक्त नदीच्या लांबीने मोजणारे संगणकीय गणित, पुरते. पण राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडून पाणी शिरोलीकडच्या शेतांत पसरले की प्रवाहाची दिशा ठरलेली राहत नाही, म्हणून पूरमैदानासाठी द्विमितीय जाळीच (जमिनीचे छोटे तुकडे पाडून पाणी आडवे-उभे दोन्हीकडे वाहू देणारी आखणी) घ्यावी आणि महामार्गाचा भराव मोऱ्यांसह तिच्यात काटेकोरपणे बसवावा. खालच्या टोकाला नृसिंहवाडीच्या संगमावरील कृष्णेची पातळी द्यावी. कृष्णा फुगली की पंचगंगेचे पाणी तुंबते. जमिनीचा खरबरीतपणा मात्र सर्वांत जपून ठरवावा. ऑगस्टमधला पुरुषभर उंचीचा ऊस प्रवाह अडवतो, त्यामुळे मॅनिंगचा गुणांक, म्हणजे या खरबरीतपणाचे माप, पात्रात 0.03च्या आसपास धरला तरी उसाच्या फडात तो तिप्पटही घ्यावा लागतो. मग 2019च्या पुराच्या भिंतींवरील खुणांशी पातळ्या जुळवाव्यात आणि 2021च्या पुरावर, गुणांक न बदलता, तपासणी करावी.