वडोदऱ्यात वस्तीतल्या मुलांसाठी सायन्स क्लब सुरू करायचाय?

आधी जागा वस्तीतच बघा, मंदिराचा ओटा किंवा अंगणवाडीची खोली चालेल, कारण आपण म्हणतो शहरातल्या दांडिया बाजार भागात या, पण रिक्षाचं भाडं कोण देणार, आणि मुलींना तर लांब पाठवतच नाहीत. वेळ पण मुलींनाच विचारून ठरवा, घरचं काम उरकल्यावरची, नाहीतर क्लबात नुसते मुलगेच दिसतील.

पहिल्याच दिवशी लेक्चर नको प्लीज! प्रत्येकाच्या हातात एक लाल एलईडी आणि ३ व्होल्टचा बटन सेल द्या आणि गप्प बसा. लांब पाय प्लसला लागला तरच दिवा पेटतो, उलटा लावला की नाही, हे त्यांचं त्यांना सापडू द्या, मग "का?" ते स्वतःच विचारतात आणि खरा क्लास तिथून सुरू होतो. बोला गुजरातीत, त्यांची शाळा त्याच भाषेत आहे ना. पुढे एखादा जुना लॅपटॉप मिळाला तर त्यात स्क्रॅच, म्हणजे मुलांना कोडिंग शिकवणारं सॉफ्टवेअर, टाका, फ्री आहे आणि एकदा इन्स्टॉल केलं की नेटशिवाय चालतं.

कमाटीबागेतलं तारांगण चालू असेल तर एकदा दाखवाच.

आणि हे अजिबात विसरू नका, सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या आठवीच्या मुलांकडून एनएमएमएसचा, म्हणजे केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा, फॉर्म भरून घ्या, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत असेल तर परीक्षा देता येते, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. उत्पन्नाचा दाखला काढायला वेळ लागतो, म्हणून पालकांबरोबर तुम्ही स्वतः जा.