पेटीवाल्याने ब्लूजचा माउथ ऑर्गन कसा धरावा

दुकानात जाऊन नुसतं ‘माउथ ऑर्गन द्या’ म्हणू नका. आपल्याकडे बहुतेक वेळा हातात येतो तो ट्रेमोलो, दोन ओळी भोकांचा. जुन्या हिंदी गाण्यांना तो फार गोड लागतो, पण ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याची, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं) त्यावर निघत नाही. मी पहिला तोच घेतला आणि दोन महिने स्वतःच्या श्वासाला दोष देत बसले. तुम्ही दहा भोकांचा डायटॉनिक मागा, सी पट्टीचा, म्हणजे पेटीवरची आपली पांढरी एक.

मी भजनी मंडळात पेटी वाजवते. पेटीत आणि माउथ ऑर्गनमध्ये आवाज काढते ती पितळी पट्टीच. पण पेटीवर मींड येत नाही, ही सल प्रत्येक पेटीवाल्याला असते. ब्लूजचा माउथ ऑर्गन वाजवणारा लिटल वॉल्टर ऐकला तेव्हा ती सल पहिल्यांदा हलली.

मॅरियन वॉल्टर जेकब्स हे त्याचं खरं नाव. जन्म 1930चा, लुइझियानातल्या मार्क्सव्हिलचा. पोरवयातच शिकागोला आला, मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात रस्त्यावर वाजवू लागला आणि पुढे ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या ताफ्यात शिरला. 12 मे 1952 रोजी त्याने ‘जूक’ ध्वनिमुद्रित केलं. त्यात गाणं नाही, नुसतं वादन आहे, आणि ते अमेरिकेच्या आर अँड बी, म्हणजे रिदम अँड ब्लूज गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत आठ आठवडे पहिलं होतं. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. शिकायला बसण्याआधी आठवडाभर हेच ऐका, तेही पेटीवर पांढरी तीनचा सूर धरून. ‘जूक’चा सा तिथे आहे. वॉल्टरच्या हातातला माउथ ऑर्गन मात्र पांढरी सहाचा.

सगळं गुपित इथेच आहे. ब्लूज वाजवताना वाद्याच्या स्वतःच्या पट्टीत सा धरायचा नाही. सी पट्टीचा असेल तर सा पांढरी पाच, म्हणजे दुसरं भोक ओढून, श्वास आत घेत. मग पुढचे स्वर असे येतात: तिसरं ओढून शुद्ध ग, चौथं फुंकून म, चौथं ओढून प, पाचवं ओढून कोमल नी, सहावं फुंकून तार सा. पहिली चार भोकं एकत्र ओढली की सा-ग-प अख्खा मिळतो. म्हणजे घर आत घेतलेल्या श्वासात आहे. आपण भजनात श्वास सोडत गातो, त्यामुळे सुरुवातीला छाती भरून येते. नाकाने हवा सोडत राहा, घाई करू नका.

दुसरं भोक ओढताना आवाज घुसमटेल. वाद्य बदलून आणायला धावू नका, ते चांगलं आहे. तुमची जीभ मागे आवळली गेली आहे. जबडा सैल सोडा, जांभई देताना सोडतो तसा.

आता मींड. चौथं भोक ओढा, पांढरी दोन वाजेल. ओढत असतानाच तोंडात ‘ई’ वरून ‘ऊ’ वर या, जिभेचा मागचा भाग खाली बुडवा. जोर लावायचा नाही, जोराने आतली पितळी पट्टी बेसूर होते किंवा तुटते. आत तोंडाची पोकळी बदलली की ओढायच्या पट्टीबरोबर त्याच भोकातली फुंकायची पट्टीही बोलू लागते आणि सूर खाली येतो. कुठवर आला हे कसं कळणार? डाव्या हाताने भाता सांभाळता येत असेल तर कोणाला तरी काळी एक दाबून धरायला सांगा आणि तिला जाऊन मिळा. मला यात पाच आठवडे गेले. ज्या रात्री सूर मिळाला त्या रात्री मी शेजारच्यांना झोपू दिलं नाही.

मग तिसऱ्या भोकावर या. पांढरी सातवरून काळी पाचपर्यंत, म्हणजे शुद्ध ग वरून कोमल ग वर. पण थांबायचं त्या दोघांच्या मधे. ब्लूजचा ग तिथेच राहतो, पेटीच्या कोणत्याही पट्टीवर नाही. हा एक स्वर पक्का होईपर्यंत दुसरं काही शिकू नका, असं माझं ठाम मत आहे.

ब्लूज एका ठरलेल्या चक्रात फिरतो. हे चक्र बारा मात्रांचं नाही, बारा आवर्तनांचं, आणि प्रत्येक आवर्तनाला आधाराचा एक स्वर. चार आवर्तनं सा, दोन म, दोन सा, एक प, एक म, दोन सा. आवर्तन चार मात्रांचं. मांडीवर ताल धरा.

वॉल्टरने आणखी एक गोष्ट केली. इलेक्ट्रिक गिटारींच्या गोंगाटात माउथ ऑर्गन बुडायचा. त्याने छोटा माइक वाद्यासकट दोन्ही तळव्यांत घट्ट मिटून धरला आणि आवाज ॲम्प्लिफायरमधून काढला. मग तो जाड, फाटका, सॅक्सोफोनसारखा झाला. 1968च्या फेब्रुवारीत, एका मारामारीनंतर, सदतिसाव्या वर्षी तो गेला. त्याचा आवाज आजही सगळे शोधतात. माइक नसला तरी तळवे असेच मिटा, बोटांच्या फटीतून उजेड दिसता कामा नये. मग उजवा हात हळूच उघडा आणि मिटा. मिटला असताना तिसऱ्या भोकाचा तो मधला ग ओढा.