साताऱ्याच्या चढ-उतारावर जुळ्यांची बाबागाडी

माझी सगळी नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. चाक, ब्रेक, बेअरिंग हेच रोजचं काम. त्यामुळे लेकीला जुळं झालं आणि दोघांच्या बाबागाडीचा विषय निघाला, तेव्हा ती जबाबदारी आपसूक माझ्याकडे आली. आता नात्यात कुणाकडे जुळं झालं किंवा पाठोपाठची दोन झाली की मला फोन येतो, "काका, कुठली गाडी घेऊ?" मी कंपनीचं नाव सांगत नाही. आधी विचारतो, गाडी एकटं कोण ढकलणार आहे?

घरात दोन मोठी माणसं मोकळी असली तर दोन्ही लेकरं कडेवर जातात. गाडीची खरी गरज पडते ती आई एकटी असताना. एक रडतंय, दुसरं नुकतंच झोपलंय आणि लसीला जायचंय. म्हणून खाली सांगतो ती प्रत्येक गोष्ट तिला एकटीला, शक्यतो एका हाताने, जमते का हे बघूनच पैसे मोजावेत.

दोन सीटांच्या गाड्या मुळात दोन तऱ्हेच्या. एक रुंद, म्हणजे बाळं शेजारी-शेजारी. दुसरी लांब, म्हणजे एकामागे एक. दुकानदार त्यांना साइड-बाय-साइड आणि टँडम म्हणतात. रुंद गाडी साधारण ७० ते ८० सेंटिमीटर भरते. लांब गाडी एकट्या बाळाच्या गाडीएवढीच अरुंद असते, पण वळवायला जागा जास्त लागते आणि पायरीवर चढवताना हँडल दाबून पुढची चाकं उचलणं जड जातं, कारण एका बाळाचं वजन पार पुढे असतं.

जुळ्यांसाठी माझा कौल रुंद गाडीला. दोघांचं वजन जवळपास सारखं असतं, त्यामुळे ती एका अंगाला ओढत नाही. शिवाय दोन्ही सीट पूर्ण आडव्या होणारी गाडी या प्रकारात सहज मिळते. लांब गाडीत बरेचदा एकच सीट पुरती आडवी होते. ही गोष्ट फार मोलाची आहे. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसींना नेताना बाळाने मान नीट धरलेली नसते. अर्धवट उभ्या सीटवर ते खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास कोंडू शकतो. बाळ मान धरून आधाराने बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, त्याला सपाटच झोपवायचं. जुळी पुष्कळदा दिवस भरायच्या आधी जन्मतात, तेव्हा हे सहा महिने कधीपासून धरायचे ते बालरोगतज्ज्ञांनाच विचारा.

पाठोपाठच्या भावंडांचं गणित वेगळं. दीड वर्षाचं थोरलं आणि तान्हं रुंद गाडीत ठेवलं की गाडी थोरल्याच्या बाजूला ओढते आणि ढकलणाऱ्याचं मनगट दुखतं. तिथे लांब गाडी बरी. तान्ह्यासाठी त्यातली एक सीट पूर्ण आडवी व्हायलाच हवी, आणि कुठल्या सीटला किती किलो चालतात ते कंपनीच्या पुस्तिकेत बघून मगच कोण कुठे बसणार ते ठरवा. थोरलं अडीच-तीन वर्षांचं असेल तर मी दोन सीटांची गाडी घेऊच देत नाही. साध्या गाडीला मागे उभं राहायची चाकांची फळी जोडता येते, थकलं की ते त्यावर उभं राहतं. किंवा एक गाडीत आणि तान्हं झोळीवजा बेबी कॅरिअरमध्ये छातीशी. तेही उत्तम.

आता टेप घ्या. दार चौकटीपासून चौकटीपर्यंत मोजू नका. दार उघडून पूर्ण मागे न्या आणि फळीची जाडी सोडून जी मोकळी जागा उरते तीच मोजा. आतल्या खोल्यांची दारं बरेचदा अडीच फुटांची, म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या आसपास असतात. तिथे ७८ सेंटिमीटरची गाडी अडकलीच. फाटक, लिफ्ट आणि उंबऱ्याची उंचीही लिहून ठेवा. लेक साताऱ्यातल्या राजपथ या बाजाररस्त्याने येते. तिथे संध्याकाळी दुचाकी इतक्या खेटून लावलेल्या असतात की रुंद गाडी रस्त्यावर उतरवावी लागते. तुमचं येणं-जाणं अशाच पेठांतून असेल तर जुळ्यांसाठीसुद्धा लांब गाडीचा विचार करा, फक्त दोन्ही सीट आडव्या होणारीच शोधा.

सगळ्यात जास्त वेळ ब्रेकला द्या. सांगली सपाट आहे, साताऱ्याचं तसं नाही. अजिंक्यताऱ्याच्या कुशीतलं गाव, माची पेठेतून राजपथाला उतरायचं तरी पाय रोवून चालावं लागतं. बाबागाडीच्या मागच्या चाकाजवळ वाकून बघा. चाकाच्या आतल्या बाजूला दातेरी कडं असतं. पेडल दाबलं की एक पिन त्या दात्यांच्या खाचेत बसते. पिन नेमकी दात्याच्या टोकावर आली तर पेडल खाली जातं, पण ब्रेक लागलेला नसतो. चाक थोडं फिरल्यावर पिन खाचेत पडते. म्हणून पेडल दाबल्यावर हँडल सोडायचं नाही. गाडी पुढे-मागे हलवायची, 'खट्' आवाज ऐकायचा, मगच हात काढायचा. काही गाड्यांना दोन्ही चाकांना वेगवेगळी पेडलं असतात. दोन बाळांच्या गाडीला मी ती नको म्हणतो. एकच पेडल दाबून दोन्ही चाकं जखडणारी घ्या.

उतारावर गाडी उभी करायची तर तोंड उताराकडे नको, आडवी लावा. हँडलला मनगटात अडकवायचा पट्टा असेल तर तो उतरताना घालाच; नसेल तर मजबूत नाड्याचा शिवून घ्या.

दुकानातल्या गुळगुळीत फरशीवर प्रत्येक गाडी छान चालते. आम्ही गाडी बघायला पुण्याला गेलो तेव्हा पाच-पाच किलो पिठाच्या दोन पिशव्या बरोबर नेल्या होत्या. दोन्ही सीटवर एकेक ठेवून दुकानदाराच्या परवानगीने गाडी बाहेरच्या रस्त्यावर नेली. मग एक पिशवी काढून पुन्हा ढकलली, कारण एकाच बाळाला घेऊन जायची वेळही येतेच. लेकीने एका हाताने वळवून बघितली. प्लास्टिकची छोटी जोडचाकं खडीत रुततात, पुढचं चाक थरथरतं. आपल्या रस्त्यांना मोठी रबरी किंवा फोम भरलेली चाकं हवीत. हवेची चाकं सगळ्यात मऊ चालतात, पण पंक्चर आलंच. पुढची चाकं फिरती असावीत आणि खराब रस्त्यावर सरळ कुलूपबंद करता यावीत.

पट्टे पाच टोकांचे हवेत: दोन खांद्यांवर, दोन कमरेला, एक पायांमधून. पायांमधला पट्टा नसला तर मूल खालून घसरतं. प्रत्येक बाळाला स्वतंत्र छत असावं, दोघांचं ऊन आणि झोप एका वेळी नसते. उन्हात गाडीवर ओढणी टाकायची सवय मात्र कृपा करून सोडा. आत हवा खेळत नाही आणि पातळ कापडाखालीही गाडी तापते. पावसाळ्यातलं प्लास्टिकचं कव्हर हवेची भोकं असलेलंच घ्या. भाजीची पिशवी हँडलला टांगू नका. बाळ उचललं की गाडी मागे उलटते. सामान खालच्या टोपलीत.

वजन आणि घडी याकडे लोक शेवटी बघतात, तिथेच पुढे गाडी धूळ खात पडते. दोघांची गाडी दहा ते पंधरा किलोची असते. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, तर ती रोज कोण चढवणार? जिन्याखाली साखळी लावून ठेवायची सोय आधी बघा. कारच्या डिकीत सीएनजीची टाकी असेल तर उरलेली जागा टेपने मोजा आणि घडीच्या मापाशी ताडून बघा.

जुनी गाडी घ्यायला माझी हरकत नाही, जुळ्यांच्या गाड्या थोडीच वर्षं वापरल्या जातात. पण घडीच्या बिजागऱ्या नीट तपासा. २००९ साली अमेरिकेत मॅक्लारेन या बाबागाडी कंपनीने सुमारे १० लाख बाबागाड्यांसाठी बिजागऱ्यांची झाकणं पुरवली, कारण बिजागरीत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटली होती. गाडी उघडताना-मिटताना मुलं हातभर लांबच ठेवा. वेल्डिंगला चीर, ब्रेकचे दाते झिजलेले, बकल ढिलं, यातलं एक जरी दिसलं तर ती गाडी घेऊ नका. युरोपात बाबागाड्यांना ईएन १८८८ हे मानक आहे. आयात केलेल्या गाडीवर ते छापलेलं आहे का बघा.

देखभाल थोडीच. पावसातून आली की चाकांतला चिखल आणि गुंडाळलेले केस काढा, ब्रेकची पिन ब्रशने साफ करा. खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटते. सिलिकॉन स्प्रे मारा. महिन्यातून एकदा सगळे स्क्रू आवळा आणि बाळं बसवायच्या आधी पिठाची पिशवी ठेवून उतारावर ब्रेक लावून बघा.