खाऱ्या पाण्याचा पहिला मोठा टँक: घरी काय बनवावं, काय विकत घ्यावं

चार बाय दोन बाय दोन फुटांच्या टँकमध्ये ४५० लिटर पाणी मावतं. १२ मिमी काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालचा सम्प (टँकमधलं पाणी जिथे उतरून साफ होतं आणि पंपाने परत वर जातं ती टाकी) धरला की वजन ७०० किलोच्या घरात जातं. घरातल्या स्लॅबचं गणित साधारणपणे चौरस मीटरला २०० किलो धरून केलेलं असतं आणि हा टँक पाऊण चौरस मीटरवर बसतो. म्हणून तो खोलीच्या मध्यावर नको. बीमजवळ, भिंतीला लागून जागा निवडा आणि तळमजल्यावर राहत नसाल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

स्टँड, सम्प, पाइपिंग, स्किमर (फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणारी नळी) आणि दगड घरी उत्तम होतात. मुख्य टँक, पंप, रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा खारटपणा मोजायला), टेस्ट किट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) विकतच घ्या. तिथे वाचवलेले पैसे पुढे माशांच्या जिवावर बेततात, आणि आरसीसीबी नसेल तर तुमच्याही.

स्टँडला ४० मिमीचा चौकोनी एमएस (माइल्ड स्टील) पाइप घ्या. त्यावर एपॉक्सी रंग, १८ मिमी मरीन प्लाय आणि १० मिमी थर्माकोल. लेव्हल ट्यूबने चारही कोपरे तपासा. एक बाजू खाली असेल तर काचेच्या सांध्यांवर कायमचा ताण येतो.

सम्पसाठी ३६ बाय १५ बाय १५ इंचांची जुनी काचेची टाकी चालते. आत ५ मिमी काचेचे बॅफल, म्हणजे आडपडदे, लावून तीन कप्पे करा: पहिल्यात पाणी उतरतं आणि स्किमर बसतो, मधल्यात दगड, शेवटी पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप. पहिला बॅफल ९ इंच उंच ठेवा, म्हणजे स्किमरला पाण्याची पातळी कायम एकसारखी मिळते. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलंच हवं. बाथरूमसाठी मिळणारं बहुतेक बुरशीनाशक घातलेलं असतं आणि ते पाण्यात उतरतं. सात दिवस सुकू द्या.

खरी कसोटी पाइपिंगची. टँकला दोन भोकं पाडून घ्या, एक मुख्य निचऱ्याचं आणि एक आणीबाणीचं, दोन्ही सव्वा इंची. काच टफन्ड (उष्णतेने कडक केलेली) असेल तर ड्रिल लावताच ती चुरा होते, तेव्हा दुकानात आधी विचारा. मुख्य पाइपवर यूपीव्हीसी व्हॉल्व बसवा, आणीबाणीचा पाइप कायम उघडा ठेवा. पितळी नळ, तांब्याची फिटिंग कुठेही नको. अगदी थोडं तांबंही कोळंबी, शंख आणि प्रवाळ मारतं.

आता दोन हिशेब, कारण बहुतेक घरांतली फरशी यांच्याचमुळे भिजते. वीज गेली की ओव्हरफ्लोच्या (जिथून पाणी ओसंडून निचऱ्यात जातं त्या) कडेखाली येईपर्यंत पाणी उतरत राहतं. या टँकमध्ये १ सेमी म्हणजे ७ लिटर. ३ सेमी उतरलं तर २१, पाइपांमधलं धरून २६ लिटर. सम्पमध्ये तेवढं पाणी आलं की पातळी साधारण ८ सेमी चढते, तेव्हा तिथे किमान १० सेमी जागा रिकामी हवी. रिटर्न पाइपला पाण्याच्या पातळीखाली १ सेमीवर ६ मिमीचं भोक पाडा, नाहीतर पाणी उलटं ओढलं जाऊन टँक अर्धा रिकामा होईल. ते भोक शेवाळाने बुजतं, दर पंधरवड्याला साफ करा. दुसरा हिशेब उलटा: निचरा तुंबला तर पंप आपला कप्पा वर रिकामा करणार. कप्प्यात २२ लिटर असतील तर वर ३ सेमी चढेल, म्हणून टँक काठापासून ४-५ सेमी कमी भरा. दोन्ही प्रसंग गोड्या पाण्यात मुद्दाम घडवून पाहा आणि पाणी आठवडाभर तसंच ठेवा.

स्किमर चार इंची पीव्हीसी पाइपचा, अडीच फूट उंच. पाणी वरून आत, खालून बाहेर, तळाशी लाकडी एअरस्टोन, माथ्यावर फेस जमायला डबा. बाहेरच्या पाइपची उंची कमीजास्त करून फेसाची पातळी जुळवा. गोड्या पाण्यात फेस धरत नाही, त्यामुळे तेव्हा निराश होऊ नका. एअरस्टोन चारेक आठवड्यांनी बदलावा लागतो. कमी मासे असतील तर हा स्किमर पुरतो.

दगडांसाठी एक भाग व्हाइट सिमेंट, तीन भाग शिंपल्यांचा चुरा आणि एक भाग जाडं मीठ. पुट्टी चालत नाही. चुरा कोंबडी-खाद्याच्या दुकानात मिळतो. मीठ विरघळून छिद्रं तयार होतात, त्यात जिवाणू राहतात. सिमेंट पाण्याचा पीएच वाढवतं, म्हणून दोन महिने पाणी बदलत भिजवा आणि पीएच ८.५ च्या खाली टिकला तरच वापरा. समुद्रातून प्रवाळ आणणं गुन्हा आहे. मालवणच्या किनाऱ्यावरचा मेलेला तुकडाही तिथेच राहू द्या.

घरच्या आरओचं पाणी तसंच वापरू नका. त्यात क्षार मुद्दाम परत मिसळलेले असतात आणि काही यंत्रांत तांब्याचं कार्ट्रिज असतं. ते भाग वगळून डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषून घेणारं) जोडा, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) शून्य यायला हवा. मुंबईच्या किनाऱ्याचं गढूळ, सांडपाणी मिसळलेलं पाणी तर नकोच. सम्पसह ४७० लिटरला साधारण १७ ते १८ किलो सागरी मीठ लागतं. ते थोडंथोडं घालून विशिष्ट घनता १.०२५ वर आणा आणि दिवसभर ढवळत ठेवा. मीठ नीट विरघळल्यावर दगड आणि अॅरागोनाइट वाळू. बांधकामाची वाळू नको.

पाणी २५ ते २७ अंशांवर ठेवायचं. पुण्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात सम्पवर कॉम्प्युटरचे पंखे लावले की दोन-तीन अंश उतरतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी होतं, तिथे चिलर घ्यावाच लागतो. उडून गेलेल्या पाण्याची भरपाई गोड्या आरओ पाण्याने करा, कारण मीठ मागेच राहतं. त्यासाठी रिटर्न पंपाच्या कप्प्यावर फ्लोट व्हॉल्व आणि वर १५ लिटरचा कॅन. यापेक्षा मोठा कॅन नको: फ्लोट अडकला तरी १५ लिटरने फारसं बिघडत नाही.

मग माशांची घाण पचवणारे जिवाणू आधीच वाढावेत म्हणून ३ ग्रॅम अमोनियम क्लोराइड टाका, अमोनिया २ पीपीएमच्या आसपास दिसेल. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. मध्ये तपकिरी शेवाळ येतं, ते आपोआप ओसरतं. शेवटी पुन्हा तेवढीच मात्रा द्या. २४ तासांत दोन्ही शून्य झाले तर थोडं पाणी बदला आणि क्लाउनफिशची एक जोडी आणा. ती आधी चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टँकमध्ये शिरला तर मासे बाहेर काढून टँक दोन-अडीच महिने माशांविना ठेवावा लागतो. पुढचा मासा तीन आठवड्यांनी.