जैसलमेरला जाताय? आधी शहर बघा, वाळू नंतर

बरीचशी मंडळी काय करतात, जैसलमेरला पोचले की थेट जीप पकडून ४० किमीवरच्या समच्या वाळूच्या टेकड्यांवर जातात, उंटावर फोटो, रात्री टेंटमध्ये नाचगाणं आणि सकाळी परत. तसं करू नका राव.

सकाळी लवकर गडीसर तलावावर जा. इथे पाऊस वर्षाला जेमतेम २०० मिमीच्या आत, नळ येईपर्यंत अख्खं गाव याच पाण्यावर जगायचं. मग किल्ला. ११५६ मध्ये रावल जैसलने बांधलेला, पिवळ्या दगडाचा, आणि आत लोक अजून राहतात, म्हणजे एकीकडे जैन मंदिराचं कोरीव काम आणि लगेच पुढच्या बोळात स्कूटर लावलेली, वाळत घातलेले कपडे. हॉटेल मात्र आत घेऊ नका, व्ह्यू कितीही भारी असू दे. पूर्वी पाणी डोक्यावरून वर न्यायचे त्यामुळे जपून वापरायचे, आता टुरिस्टांसाठी बाथरूमं वाढली, सांडपाणी किल्ल्याखालच्या टेकडीत मुरतं आणि त्यापायी बुरूज ढासळलेत. खाली गावात रूम घ्या, गच्चीवरून किल्ला उलट जास्त छान दिसतो.

पटवों की हवेली, म्हणजे श्रीमंत व्यापाऱ्यांचे कोरीव वाडे, बघताना एवढा पैसा इथे आला कुठून हे गाईडला विचारा. उंटांचे तांडे सिंधकडे जायचे त्या व्यापारातून. पुढे माल मुंबई बंदरातून जायला लागला, १९४७ ला सीमाच आली आणि धंदा बसला. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांनंतर लष्कर आणि रस्ते आले, मग टुरिस्ट. आता पवनचक्क्याही आहेत, शहराबाहेर पडलात की दिसतीलच.

कुलधरा या ओसाड गावात भुतांच्या गोष्टी ऐकवतात, ऐका हवं तर, पण ते गाव ज्या पालीवाल ब्राह्मणांचं त्यांची खडीन शेती जास्त भन्नाट आहे: उताराला मातीचा बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, ते मुरलं की त्याच ओलीवर थंडीत गहू-हरभरा.

संध्याकाळी गाणं ऐकायला बसलात तर फिल्मी फर्माईश नको. मांगणियार हे मुस्लिम गायक, पिढ्यानपिढ्या यजमानांच्या घरी लग्नाकार्यात गाणारे, त्यांना कमायचा हे त्यांचं गजाने वाजवायचं तंतुवाद्य वाजवायला सांगा, आणि बक्षिसी मॅनेजरकडे न देता त्यांच्याच हातात द्या.

वाळू बघायचीच तर खुरीला जा, समपेक्षा गर्दी कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट, फक्त स्वेटर न्या, रात्री चांगलंच गारठायला होतं.