वर्गात आकाशकंदील: कात्री घडीकडूनच चालवा

दिवाळीच्या सुटीआधी तिसरी-चौथीच्या वर्गात कंदील करायचा असेल, तर सलग दोन तास मागून घ्या; एका तासात डिंक वाळत नाही. कागद १२० ते १५० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा), ए-फोर. जाड कार्डशीट दुहेरी घडी केली की मुलांच्या बोथट कात्रीला दाद देत नाही.

कागद लांबीच्या बाजूने दुमडायचा. मोकळ्या कडेपासून अडीच सेंटिमीटरवर पेन्सिलने ठळक रेघ, ही थांबायची रेघ. घडीकडून तिथपर्यंत दोन-दोन सेंटिमीटरवर काप द्यायचे. हमखास चूक इथेच होते: मूल मोकळ्या कडेकडून कापतं आणि हातात नुसत्या पट्ट्या येतात. म्हणून आधी घडीवर रंगीत खडू फिरवून घ्या, म्हणजे तोंडी सांगत बसावं लागत नाही. तरी चाळीस मुलांमागे पाच-सहा कागद जास्तीचे ठेवाच.

आत बसवायचा दुसरा, पिवळा कागद रुंदीत चार सेंटिमीटर कमी करा. निघालेली पट्टी कडीला लागते. कापलेल्या कागदाची घडी उघडून दोन्हींच्या लांब कडा सपाट असतानाच जुळवून चिकटवायच्या. आतला कागद आखूड असल्याने बाहेरचा आपोआप फुगतो. मग गुंडाळी करून सांध्याला वर-खाली स्टेपलर मारा, तो बाईंनीच. नुसत्या डिंकावर सांधा घरी पोचेपर्यंत सुटतो.

झिरमिळ्या पतंगी कागदाच्या, प्रत्येकी सहा. ज्यांचं आधी उरकतं, त्यांना याच कापायला बसवा, नाहीतर वर्ग डोक्यावर घेतील. आत पणती नको, हे पालकांच्या चिठ्ठीत लिहा.