कृष्णेत पोहता येतं म्हणजे स्कूबा येतं असं नाही: पहिल्या धड्यात या चुका टाळा

दिवाळी उरकली की सांगली, मिरज, तासगाव, कराड, सातारा, सगळीकडून गाड्या मालवणच्या रस्त्याला लागतात. ऑक्टोबर ते मे हा तिथला स्कूबाचा, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली जाण्याचा, हंगाम. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी जास्त नितळ असतं. दर हिवाळ्यात ओळखीच्यांचा एखादा गट घेऊन मी मालवणजवळच्या तारकर्लीला जातो, आणि त्याआधी त्यांची इथे तलावात तयारी करून घेतो. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. आणि सगळ्यात हट्टाने चुका करतात ते आपल्याकडचे पट्टीचे पोहणारे.

"काका, आम्हाला काय शिकवताय? आम्ही लहानपणी डबा बांधून कृष्णेत उतरलोय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही. पोहता येणं चांगलंच. पाण्याची भीती नसते, दम टिकतो. पण नदीने अंगात मुरवलेल्या दोन सवयी समुद्राखाली उलट्या पडतात. एक म्हणजे श्वास रोखून धरायची आणि दुसरी म्हणजे दुखलं तरी सोसायची.

दम धरू नका

ही चूक जिवावर बेतते, म्हणून आधी हीच सांगतो.

नदीत बुडी मारताना आपण वरची हवा छातीत भरून घेतो. खाली गेल्यावर दाबाने ती आकसते आणि वर आल्यावर होती तेवढीच होते. म्हणून नदीत दम धरून वर येणाऱ्याची छाती फुटत नाही. स्कूबात मात्र तुम्ही खाली असताना टाकीतली हवा घेता, आणि रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरायचं श्वासाचं यंत्र, ती हवा त्या खोलीच्या दाबाने देतो. समुद्रात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे छातीत ५ लिटर हवा भरून घेतली आणि दम धरून वर आलात, तर त्या हवेला १० लिटरची जागा लागते. छातीत तेवढी जागा नाही. फुप्फुस फाटू शकतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. यासाठी १० मीटर खोल जायलाच हवं असंही नाही. पूर्ण भरलेल्या फुप्फुसांना दीड मीटरचा फरकही पुरतो, म्हणजे पोहण्याच्या तलावाची खोल बाजू.

हे सगळं मान हलवून ऐकलं जातं. मग पाण्यात मास्कमध्ये थोडं पाणी शिरतं, माणूस घाबरतो, मोठा श्वास घेऊन तो धरतो आणि वर झेपावतो. म्हणजे नेमकं जे करायचं नाही, तेच. डोक्याला समजलेलं असतं, पण घाईच्या वेळी शरीर जुन्या सवयीवर जातं. म्हणून मी समजावण्यापेक्षा सवय बदलण्यावर वेळ घालवतो. तलावात कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसवतो आणि नुसता श्वास घ्यायला लावतो. दुसरं काही नाही. श्वास सोडताना मनात सावकाश "जय जय राम कृष्ण हरी" म्हणायचं, ते संपेपर्यंत बुडबुडे सुरू राहिले पाहिजेत. कुठल्याही पुस्तकात हे लिहिलेलं नाही, पण आपल्याकडच्या माणसाला आकडे मोजण्यापेक्षा हे जास्त जमतं. रेग्युलेटर तोंडातून निघाला, तरी तो परत बसेपर्यंत ओठांतून बारीक बुडबुडे सोडत राहायचे. तोंडात रेग्युलेटर असो वा नसो, श्वास कधीच कोंडायचा नाही.

अर्ध्या तासाने कंटाळलेली मंडळी विचारतात, "आता पुढचं घ्या की." मी घेत नाही. ज्याला कमरेएवढ्या पाण्यात श्वासाची लय सापडत नाही, त्याला ६ मीटरवर ती सापडणार नाही.

कान दुखला तर तिथेच थांबा

घाट उतरताना कानांना दडे बसतात, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. साधारण ६०० मीटरचा अख्खा घाट उतरताना हवेचा जेवढा दाब वाढतो, तेवढा समुद्रात एका मीटरच्या आतच वाढतो. म्हणजे डोकं पाण्याखाली गेल्याबरोबर कानांनी घाट उतरलेला असतो. पुढचे ५ मीटर म्हणजे काय, ते तुम्हीच बघा.

कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतून घशाकडे एक बारीक नळी जाते. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकलं की तिच्यातून हवा आत जाते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. सोपं आहे, पण वेळेवर केलं तरच. दुखायला लागल्यावर फुंकायला गेलात तर उशीर झालेला असतो, कारण तोवर बाहेरच्या दाबाने ती नळी चेपलेली असते. मग जितक्या जोराने फुंकाल तितकी इजा जास्त.

सांगलीतल्या एका मुलाचं सांगतो. पुराच्या पाण्यात आयर्विन पुलावरून उडी टाकणाऱ्यांपैकी, अंगाने काटक. गाइडच्या पुढेच खाली निघाला. ३ मीटरच्या आसपास कान दुखायला लागला. गाइडने खुणेने विचारलं, त्याने "ठीक आहे" अशी खूण केली. त्याच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं. दुखणं म्हणजे सोसायची गोष्ट, हेच तो लहानपणापासून शिकला होता. साधारण ६ मीटरवर कानात काहीतरी फुटल्यासारखं झालं आणि दुखणं एकदम थांबलं. पण पडदा फाटून समुद्राचं गार पाणी आत शिरलं होतं. कानाच्या आतच आपला तोल सांभाळणारा अवयव असतो, त्याला एका बाजूने गार पाणी लागलं की सगळं गरगरायला लागतं. वर कुठे आणि खाली कुठे हे त्याला कळेना. पोटातलं उचमळून आलं. गाइड अनुभवी होता. त्याने त्याचा रेग्युलेटर तोंडात दाबून धरला, त्यातूनच ओकू दिलं आणि सावकाश वर आणलं. होडीत बसल्यावर कानातून रक्ताचे थेंब आले. मिरजेत कानाच्या डॉक्टरांनी पडद्याला भोक पडल्याचं सांगितलं आणि दोन महिने डोकं पाण्यात घालायला मनाई केली. त्याचा तो हंगाम तिथेच संपला. मला वाईट याचं वाटतं की ३ मीटरवर त्याने कानाकडे बोट दाखवून तळहात हलवला असता, तर अर्धा-एक मीटर वर येऊन, कान मोकळा करून तो पुन्हा खाली गेला असता. एवढंच काम होतं.

माझी पद्धत अशी: आदल्या दिवशीपासून अधूनमधून नाक धरून हलकेच फुंकून बघायचं, दोन्ही कान "टक्" करतात का. एक जरी करत नसेल तर दुसऱ्या दिवशीचा बेत डोक्यातून काढायचा. पाण्यात डोकं घालण्याआधी एकदा फुंकायचं, मग प्रत्येक हातभर खाली गेल्यावर, दुखायची वाट न बघता. डोकं खाली करून सूर मारल्यासारखं जायचं नाही. पाय खाली, डोकं वर, दोरी धरून. त्या स्थितीत कान लवकर मोकळे होतात.

सर्दी असेल तर पाण्यात जाऊ नका. "गोळी घेतलीय" हे मला सांगू नका. गोळीचा असर पाण्याखाली असतानाच संपला तर कानात गेलेली हवा वर येताना फुगते आणि बाहेर न पडता अडकते, आणि वर तर यावंच लागतं. पैसे भरलेत, रजा टाकलीय, सगळं कबूल. तरीही नाही.

रात्रभर गाडी, सकाळी समुद्र

शुक्रवारी रात्री कामावरून सुटायचं, कोल्हापुरात तांबडा-पांढरा ओरपायचा, राधानगरीवरून फोंडा घाट उतरायचा, पहाटे मालवणात चहा आणि आठला पाण्यात. सगळ्या गटांचा हाच बेत असतो. झोप नाही, पाणी प्यायलेलं नाही, पोटात तेलाची तर्री, आणि वर होडीचं हेलकावणं. कुणाला तरी उलटी होतेच. टाकीतली हवा कोरडी असते, ती आणखी पाणी ओढते. शुक्रवारची रजा टाका, दिवसा या, रात्री नीट झोपा. सकाळी दोन तास आधी हलकं खा. आदल्या रात्री दारू नको. वाटेत "एकच घेऊ" म्हणणाऱ्यांना मी सरळ किनाऱ्यावर बसवतो.

छोट्या दिसणाऱ्या गोष्टी

अंगठा वर करू नका. पाण्याखाली त्याचा अर्थ "मस्त" नाही, "वर चला" असा आहे. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचा गोल करून दाखवायचा. उत्साहाने अंगठे दाखवणारे लोक पाच मिनिटांत वर आणले जातात आणि मग गाइडवर चिडतात.

आपल्याकडच्या पुरुषांना एक विशेष सूचना, मिशीची. मास्कची किनार मिशीवर बसली की तिथून पाणी झिरपतं. पूर्ण मिशी काढायला कुणी सांगत नाही, पण नाकाखालची बारीकशी पट्टी कातरून घ्या. तरीही थोडं पाणी येईल, आणि ते आलेलं चांगलंच, कारण मास्कमधलं पाणी काढणं शिकायचंच आहे. मास्कची वरची कड दाबायची, मान किंचित वर करायची आणि नाकाने फुंकायचं. हे उथळ पाण्यात न शिकवता थेट खोल नेणाऱ्यांकडे जाऊ नका, मग ते कितीही स्वस्त असोत. दरावर घासाघीस करण्यापेक्षा विचारा: एका इन्स्ट्रक्टरमागे किती जण, उथळ पाण्यात सराव किती वेळ, त्याचं प्रमाणपत्र कुठलं. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र तारकर्लीतच आहे. ज्याला खरंच शिकायचंय त्याने अर्ध्या तासाच्या चवीवर न थांबता तीन-चार दिवस काढून ओपन वॉटरचा, म्हणजे प्रमाणपत्राचा पहिला, कोर्स करावा. त्यात १८ मीटरपर्यंत जाता येतं.

आरोग्याचा फॉर्म न वाचता सगळीकडे "नाही" लिहू नका. दमा, हृदयाचा त्रास, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण, यातलं काहीही असेल तर आधी डॉक्टर.

खाली जाता यावं म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधतात. तलावात जेवढं शिसं लागलं तेवढं समुद्रात पुरत नाही. खारं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं, माणूस जास्त तरंगतो. पण म्हणून अंदाजाने भरमसाठ शिसंही लावू नका, तळाशी आपटाल.

पहिल्या डायव्हला कॅमेरा नको. हात मोकळे हवेत.

आणि पाव. माशांचा घोळका भोवती यावा म्हणून पावाचे तुकडे टाकतात, त्यात फोटो काढतात. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्या माशांचं अन्न प्रवाळावर आहे, बेकरीत नाही. प्रवाळावर पाय ठेवून उभे राहणाऱ्यांबद्दलही माझं मत तेच आहे. पायातल्या फिनच्या (पोहण्याच्या पंखाच्या) एका फटक्याने तुटतं ते वाढायला वर्षं लागतात.

परतीचा घाट

ही चूक मुंबईकराला लागू नाही, आपल्याला आहे, म्हणून तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

डायव्हनंतर लगेच विमानात बसू नये हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेचा सल्ला एका साध्या डायव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डायव्हनंतर १८ तास थांबण्याचा आहे. कारण दाबाखाली रक्तात आणि स्नायूंत विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा लागतो. आधीच हवेचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात. हा सल्ला विमानाच्या केबिनमधला दाब २००० फुटांच्या वरच्या उंचीइतका कमी झाला की लागू होतो, म्हणजे साधारण ६१० मीटर. आता आपला रस्ता बघा. आंबोली ६९० मीटरवर आहे. सातारा शहरच ७०० मीटरच्या वर, महाबळेश्वर १३५० च्या घरात. सांगली ५५० च्या आसपास असली तरी घाट चढल्याशिवाय घर येत नाही. आपण विमानात न बसताही त्या उंचीला पोचतो.

५-६ मीटरवर वीस मिनिटं काढलेल्याच्या अंगात नायट्रोजन फार थोडा असतो, धोका अगदी कमी, हे खरं. पण कोर्स करणारा दोन-तीन दिवस रोज १०-१५ मीटरवर जातो आणि शेवटच्या दिवशी दुपारी पाण्यातून निघून संध्याकाळी घाट चढतो. त्याला मी जाऊ देत नाही. शेवटचा डायव्ह रविवारी सकाळी अकराच्या आत, रात्र मालवणात, सोमवारी सकाळी सहानंतर निघायचं. अर्ध्या दिवसाची रजा गाव सोडतानाच टाकून ठेवायची.

वाटेत सांधे ठणकायला लागले, हातापायांना मुंग्या आल्या किंवा कारण नसताना गळून गेल्यासारखं वाटलं, तर झोपून बरं होईल म्हणून गाडी पुढे दामटू नका. घाट चढायचा थांबवा, खालच्या जवळच्या दवाखान्यात जा, ऑक्सिजन लावायला सांगा, आणि डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा की काल-आज टाकी लावून समुद्रात उतरलो होतो, किती खोल गेलो आणि किती वेळा.